आईच्या मानेचं रीडिंग

भोसरी,
रविवार (गोळी नसलेला)

आदरणीय सोजरआत्या हिला
दीक्षाचा मनापासून जयभीम.

“गोळी चांगली का वाईट, एका शब्दात सांग की माय,” असं तू मागच्या फोनवर विचारलंस आणि माझ्याकडून आवाजच आला नाही. तुला वाटलं रेंज गेली. तू हॅलो हॅलो केलंस, मोबाईलला दोन शिव्या दिल्यास आणि फोन ठेवून दिलास. रेंज पूर्ण होती आत्या. उत्तर नव्हतं. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून तूच मला भर उन्हात झेंडूचा हार घालून गावातून फिरवलं होतंस, त्यामुळे तुझ्यापुढे ‘मला येत नाही’ म्हणायला जीभ रेटेना. आता लिहून सांगते. मला येत नाही. एका शब्दात तर नाहीच नाही. पुष्कळ शब्दांत जमतंय का ते बघते.

(पत्रात मोठ्या माणसांना ‘तुम्ही’ लिहावं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण मी तुला तुम्ही म्हटलं की तू घाबरून विचारतेस, “कोण गेलं?” म्हणून ‘तू’च ठेवलं आहे. आदर त्यात धरलेला आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा तू शेळ्यांमागे जातानाही घालतेस असं कळलं. अवश्य घाल. त्या पांढऱ्या शेळीनं पुन्हा कुणाचं वाळत घातलेलं धुणं खाल्लं का, तेही कळव. इकडे सर्व मंडळी ठीक आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिते. फक्त त्यातल्या ‘सर्व’ आणि ‘ठीक’ या दोन शब्दांबद्दल पुढे थोडा खुलासा आहे.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर आमच्या दीड खोलीत फोन कायम स्पीकरवर असतो. पप्पांना कंपनीच्या शॉपमधल्या मशिनींच्या आवाजामुळे कमी ऐकू येतं, आईच्या बोटांना फोन धरवत नाही, आणि भिंतीपलीकडच्या कुसुमताई तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आमच्या आधी देतात. (मागे तू पप्पांबद्दल “भीमराज जेवला का?” विचारलंस, तेव्हा “जेवले, वांगं होतं” हे त्या म्हणाल्या होत्या.) या घरात खासगी राहिलेली जागा एकच, बंद पाकीट.

तर आईचं. तिचे हात मागे कसे झाले होते ते तू पाहिलं आहेस. सकाळी उठली की मूठ उघडायची नाही. बरणीचं झाकण, परकराची नाडी, भाजीची जुडी, सगळ्यापुढे हार. खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगार मुलांचे डबे ती करायची, तेही बंद पडले. तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा संधिवात वयाचा नाही आणि थंडीचाही नाही. तिच्या शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्या सांध्यांना परकं समजून झोडपते आहे. मग ती छोटी पिवळी गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, दर रविवारी. पप्पांनी डबीवर लाल मार्करनं ‘फक्त रविवार’ लिहिलं आणि खाली सही केली. काही महिन्यांत आईचे हात परत आले. भाकऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, डबे सुरू झाले. पप्पा त्या गोळीला कौतुकानं ‘ओव्हरटाइमवाली’ म्हणायचे, कारण ती एक दिवस येऊन आठवड्याचं काम उरकून जायची. अशी दोन-तीन वर्षं फार चांगली गेली.

आणि यंदा आईच्या मानेत, कानाच्या खाली, गाठ आली. सुपारीएवढी. पप्पा म्हणाले डास चावला. कुसुमताई म्हणाल्या नजर लागली, डबे चांगले चाललेत ना. आई म्हणाली उशी उंच आहे. मी म्हणाले डॉक्टरांना दाखवू, आणि एवढं एकच शहाणपण माझ्या खात्यावर धर, कारण यापुढे मी फारसं काही शहाण्यासारखं केलेलं नाही. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला.

आता आत्या, एक लक्षात घे. मी बी.कॉम. आहे. मी चाकणला एका गोदामाच्या ऑफिसात आलेल्या आणि गेलेल्या मालाच्या नोंदी करते. पण आपल्या घरात पदवी म्हणजे पदवी. मिक्सरची गॅरंटी, कोर्टाचा कागद, कुत्रं चावल्यावर किती इंजेक्शनं, सगळं माझ्याकडे येतं. तसा हा रिपोर्टही माझ्या हातात आला. सगळे माझ्याभोवती निकाल ऐकायला बसावं तसे बसले. “वाच,” पप्पा म्हणाले. मी वाचला. त्यातले पूर्णविराम मला नीट समजले. बाकी एकच शब्द ओळखीचा निघाला, लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच्या घराण्यातला. आणि त्याच्या शेजारी ‘सारखा’ या अर्थाचा एक शब्द होता. लिम्फोमासारखा. त्या ‘सारखा’ला धरून मी आईला घेऊन डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेले.

डॉक्टरबाई फार चांगल्या आहेत. सोप्या भाषेत सांगण्याची त्यांना आवड आहे, आणि पुढची निम्मी भानगड त्यातूनच झाली. त्या म्हणाल्या, प्रतिकारशक्ती म्हणजे सोसायटीचा वॉचमन. तुमचा वॉचमन सोसायटीतल्याच लोकांना मारत होता, म्हणून आपण त्याला गोळी देऊन झोपवला. मार थांबला. पण तो झोपलाय हे बघून मानेत कुणीतरी अनधिकृत झोपडी टाकली. (झोपडी हा शब्द मला आवडला नाही. आपण कुठून वर आलो ते मला माहीत आहे, आणि या शहरात अनधिकृत असायला झोपडीच लागते असं नाही. मी मनातल्या मनात ‘अनधिकृत बंगला’ अशी दुरुस्ती करून घेतली.) मग आता काय, मी विचारलं. आता गोळी बंद करायची, त्या म्हणाल्या, आणि वॉचमनला उठू द्यायचं. या गोळ्यांनी आलेली अशी गाठ पुष्कळदा गोळी थांबवल्यावर आपोआप ओसरते. नाही ओसरली तर मग मात्र कॅन्सरचे उपचार सुरू करावे लागतील. दीड महिन्यानं बघू. तोवर गाठीवर लक्ष ठेवा, पण सारखा हात लावू नका, आणि वाट बघा.

वाट बघा! आत्या, आमच्या घराला जगात काहीही करायला सांग. पाण्याच्या टँकरमागे धावायला सांग, डबल शिफ्ट करायला सांग. वाट बघणं आमच्यात कुणी शिकलेलंच नाही. घरी पोचल्यावर पप्पांनी विचारलं, “औषध काय दिलं?”

“औषध बंद करायला दिलं.”

“ते कळलं. पण दिलं काय?”

हा संवाद संध्याकाळपर्यंत चालला. तेवढ्यात कुसुमताई पातेलं घेऊन आल्या. त्यात प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा होता, कोरोनापासून त्यांच्याकडे मसाला शिल्लक आहे. मी त्यांना समजावलं की आईची प्रतिकारशक्ती आधीच इतकी होती की ती हातापायावर उठली होती, ती कमी केल्यानं गाठ आली, आता ती जरा वाढायला हवी पण फार वाढली तर पुन्हा हात जातील, म्हणजे काढा चांगला आहे पण आत्ता वाईट आहे आणि आधी तर फारच वाईट होता. कुसुमताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अर्धा पेला घे मग.” (काढा मी बाहेरच्या तुळशीला घातला. तुळस सध्या बरी आहे.)

तेव्हा माझ्या मनात आलं की हा अज्ञानाचा प्रश्न आहे आणि शिकलेल्या माणसानं समाजाला शिकवलं पाहिजे. तू हसू नकोस. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी ‘प्रतिकारशक्ती : समज आणि गैरसमज’ या विषयावर बोलायचं ठरवलं. मोठा तक्ता केला. सोसायटी, गेट, गेटवर खुर्ची, खुर्चीत वॉचमन, त्याचे डोळे मिटलेले आणि नाकातून घोरण्याच्या रेघा. रेघा मी फार मन लावून काढल्या होत्या. एवढीच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही की आमच्या गल्लीतली निम्मी माणसं सिक्युरिटीत आहेत, आणि पहिल्या रांगेत आईचा भाऊ, आमचा बुद्धरत्न मामा, महाळुंग्याच्या कंपनीच्या गेटवरून शिफ्ट संपवून थेट युनिफॉर्ममध्ये येऊन बसला होता. खिशाला शिट्टी.

मामा उभा राहिला. “ह्यो कोन हाय?”

“वॉचमन.”

“झोपलाय?”

“हो, म्हणजे हे उदाहरण आहे मामा…”

“उदाहरनात बी वॉचमनच झोपतो का? मॅनेजर न्हाई झोपत कधी उदाहरनात.”

टाळ्या पडल्या आत्या. माझ्या भाषणाला पडलेल्या त्या एकमेव टाळ्या. त्यानंतर जी चर्चा झाली ती प्रतिकारशक्तीची राहिलीच नाही. मागून एकानं विचारलं, याला गोळी कुणाच्या सहीनं दिली? दुसरा म्हणाला, आधी तो रहिवाशांना मारत होता त्याची चौकशी झाली का? “झाली आसंल, म्हनून तर सस्पेंड हाय.” “मग सस्पेंड माणसाला खुर्चीत कशाला बसवलाय?” शेवटी एकमतानं ठरलं की वॉचमन झोपलेला नाही, तो सक्तीच्या रजेवर आहे, आणि गेट रिकामं सोडणाऱ्याची जबाबदारी वॉचमनवर येत नाही. मला तक्त्यावर डोळे उघडे काढून द्यावे लागले. घोरण्याच्या रेघांच्या मिशा केल्या. (खरं सांगायचं तर डॉक्टरबाईंचं म्हणणं सगळ्यांना बरोबर कळलं होतं, माझ्याशिवायच.)

पण मामाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की शेवटी बहिणीला वाचवणार तो वॉचमनच. त्यामुळे तो रोज ड्युटी सुटल्यावर घरी यायला लागला. यायचा, टाचा जुळवून आईपुढे उभा राहायचा आणि तिच्या मानेला उद्देशून म्हणायचा, “ऊठ भावा. डूटी लागली.” मग एक बारीकशी शिट्टी. पहिल्या दिवशी आई हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “लाटणं फेकायला हात उठत न्हाई म्हणून वाचतोयस, ध्यानात ठेव.”

कारण हात पुन्हा जात होते, आत्या. हसण्यात हे राहून जायला नको. गोळी बंद झाल्यावर सकाळी बोटं पुन्हा आखडायला लागली. डबे बंद झाले. भाकरी पप्पांनी हातात घेतली, आणि इथून माझ्या पत्रातल्या खऱ्या विषयाला सुरुवात होते, तो म्हणजे व्हर्नियर.

तुला पप्पांचा व्हर्नियर माहीत आहे. जबडे सरकवून जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार, पिवळ्या फडक्यात गुंडाळून लाकडी डबीत असतं आणि त्याला घरात कुणी हात लावला तर पप्पा जेवत नाहीत. पप्पा शॉपमध्ये फायनल इन्स्पेक्शनला आहेत. म्हणजे मशिनीवरून उतरलेला जॉब, शाफ्ट असो की पिन, त्यांच्या हातातून मापून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. बरोबर असेल तर ते फक्त ‘ओके’ म्हणतात, आणि हा शब्द ते इतका जपून वापरतात की माझ्या बारावीच्या निकालालाही मिळाला नव्हता. अशा माणसाला मी घरी येऊन सांगितलं की डॉक्टरबाई गाठीवर लक्ष ठेवा म्हणाल्यात. (हात लावू नका हे त्यांना, मशिनींच्या आवाजामुळे, ऐकूच आलं नाही.) त्यांनी आधी भाकऱ्या मोजल्या. जाड-बारीक झालेल्या रिजेक्ट करून बाजूला ठेवल्या. त्या मी आणि मामानं खाल्ल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला जायच्या आधी आईला खिडकीच्या उजेडात बसवून तिच्या मानेला व्हर्नियर लावला.

“आई गं,” आई म्हणाली.

“हलू नको, रीडिंग हलतंय.”

तेव्हापासून रोज. गल्लीत लोक पप्पांना पाणी आलं का असं विचारायचे ते बंद होऊन आज किती आलं असं विचारायला लागले. मी विरोध केला. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, मी म्हणाले. पप्पा म्हणाले, “मोजल्याबिगर लक्ष कसं ठेवायचं, ते तुझ्या बी.कॉम.ला विचारून सांग.”  आम्ही बी.कॉम.वालेही सगळं मोजूनच करतो, हा आमचाही दोष आहे.

आणि आत्या, रीडिंग वाढायला लागलं.

एकदम नाही. रोज थोडं. आधी पप्पा म्हणाले उजेड कमी होता. मग म्हणाले व्हर्नियर तपासतो, आणि शॉपमध्ये नेऊन तपासून आणला. व्हर्नियर बिनचूक होता. मग ते नुसते सकाळी मोजायचे, डबी बंद करायचे आणि भाकऱ्या करायला बसायचे. भाकऱ्या इतक्या एकसारख्या व्हायला लागल्या की मला भीती वाटायला लागली. मामाची शिट्टी थांबली. तो यायचा आणि नुसता उंबऱ्यावर बसून टोपी फिरवत राहायचा. “उठंना बग अजून,” एवढंच म्हणाला एकदा, स्वतःशीच. आई मात्र मधून मधून म्हणायची, “अहो, मला तर कमी झाल्यासारखी लागतीय.” त्यावर पप्पा म्हणायचे, “तुला लागून काय होतंय? रीडिंग बघ की.” आणि मी, जी विहारात तक्ता घेऊन विज्ञान सांगायला गेले होते, तीसुद्धा आईच्या मानेकडे बघायचं सोडून व्हर्नियरच्या रेघांकडेच बघत होते.

मग एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर आई स्टुलावर चढलेली. कपाटावरची लाल अक्षरांची डबी दोन्ही तळव्यांमध्ये धरलेली, कारण बोटांत धरवत नव्हती. झाकण दातांनी उघडायचा तिचा प्रयत्न चालला होता.

“आई! खाली उतर. ती बंद केलीय.”

“रविवार हाय आज,” आई म्हणाली.

“म्हणून काय?”

“गाठ वाढायचीच असंल तर वाढू दे, दीक्षा. पण हात तरी चालू दे माझे. दोन्ही बाजूंनी मी का मरू?”

 मी स्टूल धरून उभी राहिले. पप्पा भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तसेच उठले, तिला खाली उतरवलं, डबी तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातली.  भिंतीपलीकडून कुसुमताईसुद्धा बोलल्या नाहीत, यावरून काय ते समज.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेल्या तारखेच्या आधीच डॉक्टरबाईंकडे गेलो. मी, आई, पप्पा, आणि मामा युनिफॉर्ममध्ये (त्याच्या मते युनिफॉर्मवाल्याला आत लवकर सोडतात. सोडलं नाही). पप्पांनी वाढत गेलेलं रीडिंग तोंडपाठ सांगितलं. डॉक्टरबाईंनी आईची मान हातानं तपासली. पुन्हा तपासली. मग सोनोग्राफीला पाठवलं. तिकडून कागद आल्यावर त्या आमच्याकडे बघत राहिल्या.

“गाठ कमी झालीय,” त्या म्हणाल्या. “चांगलीच कमी झालीय.”

“न्हाई मॅडम,” पप्पा म्हणाले. “वाढलीय. मी रोज मोजतोय.”

“कशानं?”

आणि पप्पांनी पिशवीतून लाकडी डबी काढली, डबीतून पिवळं फडकं, आणि फडक्यातून व्हर्नियर. डॉक्टरबाईंनी तो हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला सांगता येत नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या सिस्टर तोंडाला फाईल लावून बाहेर गेल्या. “कसं मोजता दाखवा बरं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. पप्पांनी आईला खिडकीकडे वळवलं, डाव्या हातानं तिचा पदर सरकवला, आणि जबडे तिच्या मानेजवळ नेऊन, श्वास रोखून, फुलपाखरू धरावं तसे हलकेच टेकवले. टेकवले म्हणजे काय, टेकलेच नाहीत.

तेव्हा आई बोलली. “पहिल्या दिवशी असं नव्हतं हां. पहिल्या दिवशी कसला चिमटा बसला होता! मी ओरडले, तर दुसऱ्या दिवशी जरा सैल धरलं यांनी. मग आणखी सैल. आता तर कळतसुद्धा न्हाई लावलंय का काढलंय.”

 पप्पांनी व्हर्नियरकडे बघितलं, मग आईकडे. गाठ रोज उतरत होती आत्या, आणि पप्पांचा हात त्याच्याहून जास्त वेगानं हलका होत होता. जबडे जितके सैल, तितका आकडा मोठा. स्टीलच्या शाफ्टवर त्यानं काही फरक पडला नसता.

“जॉबला लागत न्हाई हो,” पप्पा हळूच म्हणाले.

मामानं मात्र हे काहीच ऐकलेलं नव्हतं. तो ‘कमी झालीय’ या शब्दाशीच थांबला होता. त्यानं तिथेच टाचा जुळवल्या आणि आईच्या मानेला कडक सॅल्यूट ठोकला. “शाब्बास,” म्हणाला. शिट्टी वाजवणार होता, पण मी ती धरली.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून पुन्हा सगळं सांगितलं. गाठ पूर्ण गेलेली नाही. जाईल असं वाटतंय, पण खात्री आत्ताच देणार नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचं, आणि नंतरही वरचेवर बघत राहायचं. ती पिवळी गोळी आता आईला परत कधी नाही. हातांसाठी तूर्त दुसरं हलकं औषध दिलं आहे, त्यानं सकाळी मूठ थोडी लवकर उघडते. काल आईनं एक भाकरी थापली. जाड झाली होती. पप्पांनी मोजायला व्हर्नियर काढला, तिच्याकडे बघितलं, आणि न मोजता खाल्ली.

तर तुझ्या प्रश्नाचं असं आहे. गोळीनं हात दिले आणि गाठही दिली. तिच्यामुळे दोन-तीन वर्षं डबे चालले आणि तिच्यामुळेच महिनाभर आम्ही व्हर्नियरच्या रेघांकडे बघत बसलो. एक शब्द मी अजून शोधते आहे. सापडला तर फोन करीन, आणि तेव्हा मात्र कुसुमताईंनी आधी सांगितला तरी चालेल.

गुडघ्याला जप. शेळीला आणि त्यातल्या त्यात धुणंवाल्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी, हाराला अजून न शोभणारी,
दीक्षा

ता. क. : एक महत्त्वाचं राहिलं. हे पत्र वाचून तू गावात सांधेदुखीची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन “टाकून दे ती” असं सांगत सुटशील, हे मला इथे बसून दिसतं आहे. सांगू नकोस. बहुतेकांना ती गोळी चांगलीच मानवते. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही काही घ्यायचं नाही आणि काही थांबवायचं नाही. काढा पण नाही.

ता. क. दुसरं : आता खरं काम. पप्पा सुधारलेले नाहीत. ‘दाब रोज सारखा ठेवला तर रीडिंग खरं येईल’ असं त्यांनी काढलं आहे, आणि त्यासाठी ते सराव करतात. आधी लिंबावर केला. मग टोमॅटोवर. मग उकडलेल्या अंड्यावर. परवा मामाच्या कानाच्या पाळीवर केला, मामा नोकरीवर एक कान लाल घेऊन गेला. दाब पक्का झाला की पुन्हा आईची मान. आत्या, पप्पा जगात दोघांनाच घाबरतात, कंपनीत येणाऱ्या ऑडिटरला आणि तुला. ऑडिटर माझ्या ओळखीचा नाही. तेव्हा मी व्हर्नियर तुझ्याकडे पाठवला तर डॉक्टरबाई सुट्टी देईपर्यंत ठेवून घेशील का? पप्पांनी मागितला तर तू नुसतं “काय रे भीम्या?” म्हण, पुढचं काही म्हणावं लागणार नाही. ही त्यांची फार जिवाची वस्तू आहे, म्हणून तुझी परवानगी असल्याशिवाय मी काही करणार नाही. तुझं उत्तर आलं की ठरवू.

ता. क. तिसरं (मंगळवार, पाकीट चिकटवायच्या आधी) : आज सकाळी पप्पांनी व्हर्नियरची डबी उघडली. आत पिवळ्या फडक्यात नट आवळायचा मोठा पान्हा होता. त्यांनी पान्हा बघितला. माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरकडे बघितलं. मला वाटलं आता जेवण बंद. पण ते डबी मिटून उठले, आईजवळ जाऊन बसले आणि तिच्या कानाखाली दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. आई म्हणाली, “किती आलं?” पप्पा म्हणाले, “ओके.”

मग चपला घालता घालता मला म्हणाले, “कुठं लपवलाय ते मी विचारत न्हाई. पण कुणाकडं द्यायचाच असंल तर सोजरअक्काकडं दे. दुसऱ्या कुणाकडनं मी मागून आणीन.”

मी म्हणाले, बरं पप्पा.

तुझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आहे, त्याच्या तळाशी. तेल लागू नये म्हणून दोन पिशव्या घातल्यात. कालच्या लातूर गाडीनं गेला.